ग्रंथालयाच्या विशेष संग्रहाचं छायाचित्रण : एकच पान दोनदा काढावं लागू नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात विशेष संग्रह आहे: सुमारे १२०० हस्तलिखितं, काही जुने छापील ग्रंथ, नकाशे, फोटोंचे अल्बम आणि थोड्या काचेच्या निगेटिव्ह. हाताशी ४५ मेगापिक्सलचा एक कॅमेरा, दोन एलईडी दिवे आणि एक फ्लॅटबेड स्कॅनर आहे. रिझोल्यूशन किती ठेवावं, स्कॅनर वापरावा की कॅमेरा, आणि सुरुवात कुठून करावी?

सुरुवात कागद-पेन्सिल घेऊन करा. एका हस्तलिखितात सरासरी १५० पानं धरली तर पाठपोट ३०० बाजू होतात, म्हणजे एकूण ३,६०,००० फोटो. नाजूक बांधणीच्या पुस्तकाचे एका माणसाने तासाला ६० फोटो काढले आणि दिवसात प्रत्यक्ष कॅमेऱ्यापाशी पाच तास मिळाले, तर रोजचे ३००. म्हणजे कामाचे १२०० दिवस. यात नोंदी, तपासणी, बिघाड, रजा काहीच धरलेलं नाही. फोटो काढणं हा एकूण श्रमांचा जेमतेम तिसरा हिस्सा असतो. उरलेला वेळ निवड, पूर्वतयारी, मेटाडेटा (प्रत्येक फोटोबद्दलच्या नोंदी), तपासणी आणि साठवण यांत जातो. तेव्हा एखादं पान दुसऱ्यांदा कॅमेऱ्याखाली आणावं लागणं हा या कामातला सगळ्यात महागडा अपघात समजा. वेळ तर जातोच, शिवाय ठिसूळ कागदाला तोच त्रास पुन्हा होतो. खालच्या बहुतेक सूचना तो अपघात टाळण्यासाठीच आहेत.

निवडीबद्दल एवढंच: ज्याची मागणी जास्त आणि प्रकृती नाजूक, ते आधी. इतरत्र चांगल्या प्रतीचं डिजिटायझेशन झालेले छापील ग्रंथ सरळ मागे ठेवा. ज्याची नोंद झालेली नाही, क्रमांक पडलेला नाही, पानं मोजलेली नाहीत, ते कॅमेऱ्याकडे येताच कामा नये. आणि हक्क तपासा. वस्तू ग्रंथालयाच्या मालकीची असली म्हणून तिचा कॉपीराइट ग्रंथालयाकडे असतोच असं नाही. खासगी पत्रव्यवहार असेल तर देणगीदाराच्या अटीही काढून वाचा. फोटो काढायला हरकत नसते पण सर्वांसाठी खुले करायला असते, असं बरेचदा निघतं.

स्कॅनर की कॅमेरा

बांधीव काहीही फ्लॅटबेडवर पालथं घालू नका. पुस्तक १८० अंशांत दाबलं की कण्याचा सुकलेला डिंक तडकतो, शिवण सुटते, आणि एवढं करून शिवणीजवळच्या ओळी काळवंडलेल्या येतात त्या येतातच. सुटे, सपाट, मजबूत कागद आणि फोटोंच्या प्रती यांच्यासाठी स्कॅनर उत्तम आहे. बाकी सगळं कॅमेऱ्यावर. पानाचा बाक सॉफ्टवेअरने 'सरळ' करून देणारी छोटी ओव्हरहेड यंत्रं मिळतात. वाचकाला पटकन एक प्रत द्यायला ती ठीक. पण त्यांतली अक्षरं ताणलेली, आवळलेली असतात, म्हणून मूळ जतनप्रत, म्हणजे कायम जपून ठेवायची फाइल, त्यांच्यावर काढू नये.

रिझोल्यूशन आणि कॅमेऱ्याची उंची

हस्तलिखितं आणि दुर्मिळ ग्रंथांसाठी वस्तूच्या खऱ्या मापावर ४०० पीपीआय (एका इंचात ४०० पिक्सल) धरा. साध्या छापील मजकुराला आणि ओसीआरला (फोटोतली अक्षरं संगणकाकडून वाचून घ्यायला) ३०० पुरतात. अमेरिकी सरकारी संस्थांची फॅडगी ही मार्गदर्शिका एक ते चार तारे अशी प्रतवारी देते. नेदरलँड्सची मेटामॉर्फोज आणि आयएसओ १९२६४ ही मानकंही आहेत. यांतलं एक निवडा, लिखित नोंदवा आणि मग मध्येच बदलू नका.

४५ मेगापिक्सल म्हणजे बहुधा ८२५६ × ५५०४ पिक्सल. ४०० ने भागा: २०.६ × १३.८ इंच, म्हणजे सुमारे ५२४ × ३४९ मिलिमीटर. एवढ्या चौकटीत ए-३ चा कागद (४२० × २९७) रंगपट्टी आणि मोजपट्टीसकट मावतो. ३०० पीपीआयला चौकट ६९९ × ४६६ होते. जाहिरातीतल्या मेगापिक्सलपेक्षा ही चौकट लक्षात ठेवा. कॅमेरा ज्या उभ्या स्तंभावर खाली तोंड करून बसवतात, त्याच्यावर तो त्या उंचीवर कायमचा ठेवा आणि स्तंभावर खूण करा. छोट्या पुस्तकासाठी कॅमेरा खाली आणायचा मोह होतो. मग प्रत्येक पुस्तकाचं रिझोल्यूशन वेगळं आणि प्रत्येक वेळी फोकस नव्याने. ४०० ची एक खूण आणि बारीक वस्तूंसाठी ६०० ची दुसरी, एवढ्या पुरे.

लेन्स मॅक्रो घ्या, कारण ती सपाट पृष्ठभागासाठीच बनवलेली असते. झूम नको, उभी टांगल्यावर तिची नळी वजनाने हळूहळू सरकते. नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) ६० मिलिमीटर की १०० मिलिमीटर? वरच्या चौकटीसाठी १०० ची लेन्स पानापासून सुमारे १५६ सेंटिमीटरवर येते, ६० ची सुमारे ९४ वर. स्तंभ पुरेसा उंच असेल तर १०० च घ्या. कारण असं: जाड पुस्तकाची पानं उलटत गेलं की वरचं पान खाली खाली जातं. २५ मिलिमीटर खाली गेलं की १०० च्या लेन्सवर ४०० चे ३९४ पीपीआय होतात, ६० च्या लेन्सवर ३९०. शिवाय लेन्सचं छिद्र एफ ८ असताना या अंतरावर खरोखर कडक फोकस दीड-दोन सेंटिमीटरच्या पट्ट्यातच असतो, म्हणजे पान त्या पट्ट्याबाहेरही जातं. पाच सेंटिमीटर जाडीच्या ग्रंथात मधेच अक्षरं मऊ का पडली, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच निघतं. उपाय साधा आहे. दर ४०-५० पानांनी पुस्तकाखालची पातळ फळी किंवा फोमचा थर काढा-घाला आणि वरचं पान पुन्हा ठरलेल्या उंचीवर आणा. पुस्तक हलवायचं, कॅमेरा नाही.

छिद्र एफ ८ ठेवा, फार तर एफ ११. फोकसचा पट्टा वाढवायला एफ १६ किंवा २२ केलं की विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, सगळंच पान सारखं मऊ होतं. ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यूमध्ये (पडद्यावरच्या थेट चित्रात) १०० टक्के मोठं करून एखाद्या अक्षराच्या कडेवर हाताने फोकस लावा आणि फोकसच्या कड्याला चिकटपट्टी लावून टाका.

कॅमेरा आणि फळा समांतर

फळा म्हणजे स्तंभाखालची सपाट बैठक, जिच्यावर पुस्तक ठेवतात. पाणसळ कॅमेऱ्यावर ठेवून पाहणं पुरेसं नाही. फळाच तिरका असेल तर? आरसा वापरा. फळ्यावर पुस्तक येतं त्या जागी सपाट आरसा ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये लेन्सचं प्रतिबिंब पाहा. ते दुप्पट अंतरावर दिसतं, म्हणून तेवढ्यापुरता फोकस बदलावा लागेल. लेन्सच्या गोलाचा मध्य चौकटीच्या बरोबर मध्यावर आला की सेन्सर आणि फळा समांतर. मध्य बाजूला दिसला तर कॅमेऱ्याचं डोकं तेवढं कलतं करा. दहा मिनिटांचं काम आहे. ते टाळलं तर चौकोनी पानं समलंब येतात आणि एक कोपरा कायम अस्पष्ट राहतो. पाळण्यावर (पुस्तक अर्धवट उघडून ठेवायच्या आधारावर) पुस्तक कलतं असेल तेव्हा हाच आरसा पाळण्याच्या बाजूवर ठेवायचा.

वीज ॲडॉप्टरवरून द्या आणि फोटो तारेने थेट संगणकावर उतरवा. बॅटरी किंवा कार्ड काढायला हात लागला की ही सगळी मांडणी केसभर हलते, आणि केसभर पुरतं. लाकडी जमिनीवर शेजारून कोणी चाललं तरी फोटो हलू शकतो. शटर कॅमेऱ्याच्या बटणाने न दाबता संगणकावरून सोडा. डीएसएलआर असेल तर कॅमेऱ्याच्या आतला आरसा आधी वर करा.

दिवे

दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, सारख्या अंतरावर, सारख्या उंचीवर. प्रत्येक दिव्याचा रोख आपल्या जवळच्या कडेवर धरू नका, पलीकडच्या कडेवर धरा. म्हणजे जवळची कड भाजून निघत नाही आणि प्रकाश आपोआप सारखा होतो. मग फळ्यावर एकसारखा पांढरा किंवा करडा कागद पसरा, फोटो काढा आणि चार कोपरे व मध्य यांचे आकडे वाचा. २५५ च्या मोजपट्टीवर फरक पाच-सहापेक्षा जास्त असेल तर दिवे हलवा. उरलेला थोडा फरक त्याच पांढऱ्या फोटोच्या आधारे सॉफ्टवेअरमध्ये सपाट करता येतो, पण दिव्यांची चूक सॉफ्टवेअरवर ढकलायची सवय लावून घेऊ नका.

दिव्यांचा सीआरआय (त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९५ च्या वर हवा, आणि आर ९ हा लाल रंगाचा आकडा वेगळा विचारा. तो ९० च्या आसपास तरी असावा. सीआरआय चांगला आणि आर ९ पडलेला असे दिवे पुष्कळ असतात. त्यांच्याखाली लाल शाईची शीर्षकं आणि शेंदरी रंग मातकट येतात आणि नंतर कशानेही सावरत नाहीत. स्वस्त एलईडी मंद केले की आतून वेगाने उघडझाप करतात आणि फोटोत आडवे पट्टे पडतात. दिवा पूर्ण ताकदीवर ठेवा आणि प्रकाश कमी हवा असेल तर दिवाच मागे न्या. संपूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर टाळा.

खोलीतला बाकीचा प्रकाश बंद. एक चाचणी रोज सकाळी करा: कामाचे दिवे बंद करून, त्याच एक्स्पोजरवर एक फोटो काढा. तो काळाठिक्कर यायला हवा. आकडे दोन-तीनच्या वर गेले तर खिडकीची फट, बाहेरचा दिवा किंवा समोरचा मॉनिटर प्रकाश टाकतो आहे. काम करणाऱ्याने काळे किंवा करडे कपडे घालावेत. लाल शर्टाची झाक पांढऱ्या पानावर पडते. दुपारी माणूस बदलला की फोटोंचा रंग बदलतो आणि कारण कोणालाच सापडत नाही.

प्रकाशाने नुकसान होईल ही भीती रास्त आहे, पण ती मोजून घ्या. २००० लक्सखाली (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचं माप) एक पान दोन मिनिटं राहिलं तर सुमारे ६७ लक्स-तास होतात. प्रदर्शनात ५० लक्सखाली तेच पान सव्वा तासाच्या आसपास उघडं राहिलं तर तेवढाच मारा होतो. म्हणजे फोटोपुरता प्रकाश ही मोठी हानी नाही. पुस्तक दिव्याखाली उघडं ठेवून जेवायला जाणं ही आहे.

एक्स्पोजर आणि रंग

सगळं मॅन्युअल: एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, आयएसओ, म्हणजे इथे सेन्सरची संवेदनशीलता (६४ किंवा १००, कॅमेऱ्याचा मूळ असेल तो). ऑटो एक्स्पोजर काय करतो ते पाहा: काळवंडलेलं पान आलं की तो उजळ करतो, कोरं पान आलं की करडं. मग कोणतं पान खरोखर काळवंडलेलं होतं हे फोटोंवरून कधीच कळत नाही, आणि संशोधकाला नेमकं तेच हवं असतं.

२४ चौकटींची कलरचेकर पट्टी घ्या. करड्या चौकटीवरून व्हाइट बॅलन्स लावा. एक्स्पोजर असं ठरवा की एसआरजीबीत (पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) पांढरी चौकट २४३, मधली करडी १२२ आणि काळी ५२ च्या आसपास येईल. पांढरी २५० च्या पुढे गेली तर कोऱ्या कागदाचा पोत जळाला असं समजा. पांढरी बरोबर येऊनही मधली करडी खूप वर-खाली असेल, तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, उघडणाऱ्या सॉफ्टवेअरने गुपचूप कॉन्ट्रास्टची वक्ररेषा लावलेली आहे. ती काढून लिनिअर रिस्पॉन्स निवडा. मूळ जतनप्रतीवर शार्पनिंग, क्लॅरिटी, नॉइज कमी करणं यांतलं काही नको. मग त्या मांडणीचं आयसीसी प्रोफाइल (रंग दुरुस्तीची फाइल) बनवा आणि 'डेल्टा ई २०००' हे खऱ्या आणि फोटोतल्या रंगांमधल्या फरकाचं माप सरासरी दोन-तीनच्या आत आणा. दिवा, लेन्स किंवा पानावर ठेवायची काच बदलली की प्रोफाइल नव्याने.

पट्टी प्रत्येक फोटोत ठेवायची का? यावर मतभेद आहेत. सुटे कागद, फोटो आणि नकाशे यांच्यात प्रत्येक फोटोत ठेवावी, कारण ते पुढे एकेकटे फिरतात. बांधीव पुस्तकात पहिल्या आणि शेवटच्या फोटोत, आणि मध्ये काम थांबून पुन्हा सुरू झालं की, एवढं पुरतं. दर पानाला पट्टी सरकवताना एखादे दिवशी ती पानावर घासतेच. पट्टी स्वतःही जुनी होते, पिवळी पडते. हाताच्या बोटांनी पांढरी चौकट मळली तर सगळ्या संग्रहाचा पांढरा मळतो.

पुस्तक आणि हात

बहुतेक जुनी पुस्तकं ९० ते ११० अंशांपेक्षा जास्त उघडायची नाहीत. त्यासाठी इंग्रजी व्हीच्या आकाराचा पाळणा किंवा फोमचे पाचर. पान स्वतःहून सपाट राहत नसेल तर पॉलिएस्टरच्या पारदर्शक पट्ट्या किंवा कापडात गुंडाळलेली वजनाची साखळी मजकुराबाहेर ठेवा. काच शक्य तिथेच, आणि तिचं स्वतःचं वजन पुरेसं असतं, दाबायचं नाही. रंग सुटत असलेली चित्रं, कोळसा किंवा खडूचं काम, आणि मायफळ-हिराकसाच्या शाईने कुरतडलेली पानं यांच्यावर काच अजिबात नको. त्या शाईने कागद अक्षराच्या आकारात खाल्लेला असतो आणि जरा वाकलं की अक्षर खिडकीसारखं निखळतं.

काच वापरली की तिच्यात कॅमेरा दिसतो. लेन्सपुरतं भोक पाडलेला काळा पुठ्ठा कॅमेऱ्यासमोर लावा. जुन्या चामडी बांधणीची लालसर भुकटी काचेवर आणि बोटांवर बसते आणि पुढच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर उतरते. तेव्हा प्रत्येक ग्रंथानंतर काच पुसा, हात धुवा, आणि पूर्ण कोरडे करा. पांढरे सुती हातमोजे कागदाला नकोत: बोटांना कड कळत नाही, धागा तुटक्या कडेत अडकतो आणि पान फाटतं. स्वच्छ कोरडे हात बरे. फोटो, निगेटिव्ह आणि धातू यांना मात्र नायट्राइलचे मोजे हवेतच. तसंच ज्या हस्तलिखितात चुका झाकायला हरताळ फासलेला आहे तिथे, आणि एकोणिसाव्या शतकातल्या भडक हिरव्या कापडी बांधण्यांना, कारण दोन्हींत आर्सेनिक असू शकतं. बुरशी दिसली तर पुस्तक पिशवीत घालून संवर्धकाकडे पाठवा. फोटोच्या टेबलावर ते नको.

पातळ कागदाचा एक प्रश्न हमखास येतो: मागचा मजकूर पुढे दिसतो. इथे दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. एक, खालच्या पानाचा मजकूर. तो पानाखाली कोरा पांढरा कागद सरकवला की जातो. दुसरी, त्याच पानाच्या पाठीवरची शाई. ती पांढऱ्याने जात नाही, उलट उठून दिसते, कारण कागदातून आरपार गेलेला प्रकाश पांढऱ्यावरून परततो आणि वाटेत मागची अक्षरं त्याला अडवतात. खाली काळा कागद ठेवला तर तो प्रकाश परततच नाही आणि मागची अक्षरं फिकी पडतात. किंमत अशी की सगळं पान थोडं काळपट होतं. नियम ठरवा: वाचता येत असेल तोवर पांढरा, मागच्या शाईने वाचनच अडत असेल तर काळा. एका पुस्तकात एकच, आणि कोणता वापरला ते मेटाडेटात लिहा. काळा वापरला म्हणून एक्स्पोजर वाढवू नका.

क्रम, आणि चुकलेलं पान शोधणं

एका कॅमेऱ्याने कलत्या पाळण्यावर काम करायची चांगली रीत अशी: आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या उजव्या बाजू, मग पुस्तक फिरवून सगळ्या डाव्या बाजू. दर वेळी पाळणा फिरवावा लागत नाही, प्रकाश आणि फोकस एकसारखे राहतात. नंतर दोन्ही मालिका नावं बदलून एकात एक गुंफायच्या. इथली ठरलेली चूक म्हणजे दोन पानं एकत्र उलटणं.

समजा मोजणीत २४० पानं आहेत. उजव्या बाजूंचे फोटो २४०, डाव्यांचे २३९. सगळे चाळत बसू नका. दोन्ही मालिकांतला १२० वा फोटो उघडा. उजव्या मालिकेत पान १२० ची पुढची बाजू आणि डाव्या मालिकेत पान १२० चीच मागची बाजू असेल, तर तिथवर सगळं ठीक. चूक पुढच्या अर्ध्यात. मग १८०, मग २१०. जास्तीत जास्त आठ वेळा पाहिलं की नेमकं पान सापडतं. पण हे जमतं ते आधी पानं मोजलेली असतील तर. मोजलेली नसतील आणि दोन्ही फेऱ्यांत एकेक पान, तेही वेगवेगळं, सुटलं असेल, तर आकडे जुळतात आणि चूक वाचकाच्या हाती जाते. म्हणून कॅमेऱ्याआधी मऊ पेन्सिलीने पानांना क्रमांक द्या किंवा निदान पानं मोजून चिठ्ठीवर लिहा: कुठे क्रमांक दोनदा आला, कुठे पान नाही, कुठे घडीचा नकाशा आहे.

कोरी पानंही काढा. ती गाळली की मधलं पान कोरं होतं की निसटलं हे कोणालाच सांगता येत नाही. पुठ्ठे, कणा, तिन्ही कडा काढा. मध्ये सापडलेला सुटा कागद आधी जिथे आहे तिथेच ठेवून, मग बाजूला काढून दोन्ही बाजूंनी, आणि मग त्याच्याखालचं पान.

आडवळणाच्या वस्तू

अल्बममध्ये आधी पूर्ण पान, मग एकेक फोटो, त्याखालच्या ओळींसकट. पातळ कागदाचं आवरण असेल तर ते असताना एक आणि उचलून एक. चकचकीत फोटो, वार्निश केलेले नकाशे यांच्यावरची चमक घालवायला दिव्यांवर पोलरायझर फिल्म आणि लेन्सवर त्याला आडवा फिल्टर लावतात. प्रकाश दोन-तीन स्टॉप कमी होतो (दर स्टॉपला निम्मा). पण सोनेरी मुलामा असलेल्या पानावर हे करू नका. सोनं तपकिरी, मेल्यासारखं दिसतं. सोन्याला चमकायला काहीतरी लागतं: लेन्सजवळून एक पांढरं कार्ड तिरकं धरा, सोनं उजळतं. शाई न लावता उठवलेले कोरडे शिक्के, दाबलेली नक्षी यांच्यासाठी एक दिवा बंद करून दुसरा जवळजवळ फळ्याच्या पातळीवर, १०-१५ अंशांवर आणा. हा जादा फोटो, मुख्य फोटोची जागा त्याने घेऊ नये.

मोठा नकाशा तुकड्यांत काढायचा तर शेजारच्या तुकड्यांत सुमारे ३० टक्के भाग सामाईक ठेवा, आणि कॅमेरा न हलवता नकाशा ज्या पुठ्ठ्यावर ठेवला आहे तो पुठ्ठाच सरकवा. छापील हाफटोन (बारीक ठिपक्यांच्या) चित्रांवर जाळीदार पट्टे आले तर कॅमेरा थोडा वर-खाली करून पाहा, नाही गेले तर ६०० च्या खुणेवर आणा. धूसर झालेली मायफळाची शाई ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली पुष्कळदा गडद वाचता येते. काजळीची शाई, विशेषतः काळवंडलेल्या ताडपत्रावरची, अवरक्त प्रकाशात उठून दिसते. हे सगळ्या संग्रहाला लावायचं काम नाही, मोजक्या पानांसाठी.

काचेच्या निगेटिव्ह लाइटबॉक्सवर (आतून उजळणाऱ्या पेटीवर), पण थेट त्यावर न ठेवता दोन-तीन सेंटिमीटर उंच, म्हणजे लाइटबॉक्सची धूळ आणि पोत फोटोत उतरत नाही. निगेटिव्हभोवतीचा उजेड काळ्या पुठ्ठ्याने झाका, नाहीतर गडद भाग धुरकट होतात. मळकट, मॅट बाजू, म्हणजे इमल्शन, कॅमेऱ्याकडे. चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं येतं, ते नंतर सुलटं करायचं. ४ × ५ इंचाची प्लेट पूर्ण चौकटीत घेतली तर या कॅमेऱ्यावर साधारण १३५० पीपीआय मिळतात. फिल्मच्या निगेटिव्हला व्हिनेगरचा वास आला तर त्या लगेच वेगळ्या करा. साधारण १९५० च्या आधीची फिल्म असेल तर नायट्रेट आहे का ते तज्ज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय दिव्याजवळ आणूच नका. ती पेटली की विझवता येत नाही.

फाइली

फाइलच्या नावात दाखलनोंद क्रमांक आणि चार आकडी अनुक्रम, एवढंच: एमएस१०४७_०००१, एमएस१०४७_०००२ असं, रोमन लहान अक्षरांत. पान क्रमांक नावात घालू नका. मूळ पुस्तकातच ते चुकलेले असतात. ते मेटाडेटात जातात. जागा सोडू नका, आणि देवनागरी नावं कितीही आवडली तरी इथे नकोत. नुक्ता असलेलं अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं. दिसायला नाव तेच, यंत्राला मात्र फाइल दुसरी. शीर्षक, लेखक, विषय यांच्या नोंदी अर्थातच मूळ लिपीत हव्यात.

मूळ जतनप्रत कॉम्प्रेशन नसलेली टिफ. १६ बिटची एक पूर्ण चौकट सुमारे २७३ एमबी, ८ बिटची १३६. वरच्या ३,६०,००० फोटोंचे ८ बिटमध्ये सुमारे ४९ टेराबाइट होतात, १६ बिटमध्ये ९८, कापल्यावर कमी. माझं मत: निगेटिव्ह, फोटो आणि चित्रित पानांना १६ बिट, साध्या मजकुराला ८ बिट चालतं, पण ८ बिटवर उतरण्याआधी रंग आणि एक्स्पोजर पक्के झालेले हवेत. कापताना पानाच्या चारही कडांबाहेर थोडी पार्श्वभूमी ठेवा, म्हणजे कड कापली गेली नाही हे दिसतं. वाचकांसाठी एसआरजीबीत जेपेग, आणि संकेतस्थळ ट्रिपल-आय-एफ हे चित्रं देवाणघेवाणीचं मानक पाळणारं असेल तर फोटो ते मानक पाळणाऱ्या कुठल्याही दर्शक-सॉफ्टवेअरमध्ये उघडतात.

तपासणी फोटो काढणाऱ्याने करू नये. त्याला आपलं पान सरळच दिसतं. लघुचित्रांवरून सगळी पानं क्रमाने पाहायची, आणि दर दहातला एक फोटो १०० टक्के मोठा करून फोकस, केस, धूळ, बोट तपासायचं. हे पुस्तक शेल्फवर परत जाण्याआधी. आठवडाभराने सापडलेली चूक म्हणजे पुन्हा मागणीपत्र, पुन्हा पाळणा.

प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर (उदाहरणार्थ डिस्क आणि टेप), एक दुसऱ्या इमारतीत. फाइल पक्की झाली त्याच दिवशी तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा आकडी ठसा) काढून ठेवा. बॅगिट पद्धतीने बांधलं तर फाइली आणि त्यांचे चेकसम एकाच पेटीत राहतात. कॉपी झाली म्हणून पहिल्या जागेवरची फाइल पुसू नका, दुसऱ्या टोकाला चेकसम जुळल्यावर पुसा. वर्षातून एकदा सगळे चेकसम पुन्हा चालवा, आणि त्याच वेळी एखादं हस्तलिखित टेपवरून पूर्ण परत उतरवून, उघडून, पानं मोजून पाहा.